डोणगावच्या हुकाला पडलेला पेच

मित्रांनो, पोती ओढता ओढता टोक झिजलेला मी एक जुना लोखंडी हूक आहे. सध्या माझा मुक्काम कोर्टाच्या कपाटात असतो. मी गुन्हेगार आहे की साक्षीदार, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

मला अन्वरभाई लोहारांनी घडवलं आणि डोणगावच्या बाजारात देवानंद हमालाच्या हाती दिलं. आमचं काम सोपं होतं. पोत्यात रुतायचं, झटक्यासरशी ओढायचं आणि पोतं पाठीवर घ्यायचं. याचा हूक कधी सुटत नाही, असं व्यापारी कौतुकाने म्हणत. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

बाजाराचा एक रिवाज आहे. पाठीवर ओझं असलेल्या हमालाला कुणी अडवत नाही. रागवायचं ते पोतं उतरल्यावर. पण त्या दिवशी सोयाबीनचं पोतं उसवलं, दाणे सांडत गेले आणि मुकादम गुलाबराव ट्रकला लावलेल्या फळीवरच आडवे आले. त्यांनी देवानंदच्या पायावर दांडका हाणला. पोतं खाली पडलं, मी हातात राहिलो. दांडका पुन्हा डोक्याकडे आला तेव्हा देवानंदने हात वर केला आणि मी गुलाबरावांच्या दंडात रुतलो. मग मला ओढलं गेलं. दंड कोपरापर्यंत फाटला.

कोर्टात सगळं त्या ओढण्यावरच अडलं. हात वर करणं म्हणजे स्वतःला वाचवणं, हे गुलाबरावांच्या वकिलांनाही मान्य होतं. पण ओढलं ते रागाने, म्हणून ती मारहाणच, असं ते म्हणाले. तसं ठरलं तर देवानंदला तुरुंग, आणि हमालीचा बिल्लाही कायमचा गेला. मी तर त्याच्याच मुठीत होतो, तरी त्या मुठीत राग होता की नाही, हे मला सांगता येत नाही. लोखंडाला काय कळतं, मित्रांनो!

न्यायाधीशांनी विचारलं, "मग ओढलं का?"

देवानंद गोंधळला. "साहेब, मले खरंच समजलं नाही. मी डोकं वाचवून राह्यलो होतो. हातानं ओढलं."

त्याच्या वकीलबाईंनी मला त्याच्या हाती देऊन, हात कसा वर केला ते दाखवायला सांगितलं. समोर त्यांनी, कोर्टात मला ज्यात बांधून ठेवतात ती रिकामी कापडी पिशवी धरली. देवानंदने हात वर केला, मी पिशवीत रुतलो. तेवढ्यावरच थांबायचं होतं. पण हाताने झटका दिला आणि पिशवी टरकन फाटली. देवानंद स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. वकीलबाईंचा चेहरा उतरला.

तो पुरावा गुन्ह्याचा होता की सवयीचा, मला कळेना. निकाल अजून लागायचा आहे. माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. एखाद्याच्या हातून काही भलतं घडलं, तर त्या हाताला आधी विचारा, बाबा, तू रोज काय काम करतोस?