भोक असलेला कप

भागोजी रंगाऱ्याने आगरदांड्याच्या धक्क्यावरच्या बोटी चाळीस वर्षं रंगवल्या. त्याच्या हाताला कुणी नावं ठेवली नव्हती. पण गेल्या मे महिन्यात केसरच्या बोटीवर लावलेला निळा रंग ओघळला आणि खालच्या पांढऱ्या पट्ट्यावर असा उतरला, की बोटीला चांगली वीतभर दाढी फुटली. बोटीचं नाव 'किशोरी'. धक्क्यावरचे लोक तिला 'किशोरबुवा' म्हणायला लागले.

केसर संतापली. "भागोजीचा हात गेला," हे तिने मासळी विकता विकता दिघीपासून मुरुडपर्यंत पोचवलं.

"रंग मी बरोबर कालवला होता," भागोजी सांगायचा. "जेवून आलो तेवढ्यात पातळ झाला."

"रंग काय आपोआप पातळ होतो व्हय?" लोक हसायचे. दोन बोटमालकांनी तर दुसरा रंगारी धरला.

यंदा मात्र बाकीचे रंगारी आधीच कामात गुंतले होते. केसरने नाइलाजाने पुन्हा भागोजीलाच बोलावलं. पण तिची मुलगी तेजस्वी सुट्टीवर घरी आली होती. ती रंगाच्या एका कारखान्यात रंग तपासायचं काम करायची. केसरने तिला भागोजीच्या डोक्यावर उभी केली.

तेजस्वीने पिशवीतून एक छोटा धातूचा कप काढला. भागोजीने तो डोळ्यासमोर धरला आणि तळातून थेट समुद्राकडे पाहिलं.

"पोरी, तुला दुकानदाराने फसवली. ह्याला भोक हाय."

"भोकासाठीच आहे तो, मामा. खालून बोट लावायचं, कप काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. घट्ट रंगाला जास्त वेळ लागतो, पातळ रंग झरकन जातो."

भागोजीने बोट लावलं. तेजस्वीने रंग भरला, पट्टीने वरचा जास्तीचा काढला आणि मोबाइलवर घड्याळ चालू केलं. "काढा!" भागोजी पळणारे आकडे बघण्यात इतका रमला, की चाळीस सेकंद झाले तरी कपातून थेंब पडेना.

"मामा, बोट!"

"काढायचं होतं व्हय?"

दुसऱ्या खेपेला बावन्न सेकंद लागले. म्हणजे रंग घट्ट होता. तीस सेकंद पाहिजेत असं म्हणून तेजस्वी डब्यात बेताबेताने थिनर घालून ढवळायला लागली. भागोजी आपली काठी बुडवून वर धरत होता आणि तिच्या टोकाकडे बघत होता.

"अजून थोडं. अजून. हां, बास कर."

तेजस्वीने मोजलं. बरोबर तीस. तिने पुन्हा मोजलं. एकोणतीस.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काठीवरनं पडायला थेंब किती आळस करतो, त्यावरनं," भागोजी म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

दुपारपर्यंत एक बाजू अर्धी झाली. एकही ओघळ नाही. बोटीच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली डबा झाकून दोघं जेवायला गेली. परत आल्यावर भागोजीने ब्रश उचलला, पण तेजस्वी म्हणाली, "थांबा. कारखान्यात प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी मोजतात."

धार सतरा सेकंदांत तुटली.

भागोजीचा चेहरा उतरला. "बघ! गेल्या सालीपण असंच झालतं!"

"उन्हाने झालं असेल," तिथेच घुटमळणारी केसर लगबगीने म्हणाली. "लावा, लावा. फार विचार नका करू."

तेजस्वीने डब्याला हात लावला. डबा थंडगार होता. मग तिने आईकडे बघितलं. "आई, हात दाखव."

"कशाला? बांगडे साफ करून आलेय मी."

भागोजीने नाक वर केलं. "बांगड्यांना थिनरचा वास कवापासून यायला लागला, केसरबाय?"

केसरने पदर सावरला, बोटीकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. "एकाच डब्यात केबिनपण व्हायला नको? तुम्ही रंग लावता का साय लावता? म्हटलं, जरा थिनर घालून पुरवावा."

"आणि गेल्या वर्षी?" तेजस्वीने विचारलं.

"गेल्या वर्षी जरा जास्तच पडलं," केसर पुटपुटली.

भागोजी एका पालथ्या क्रेटवर बसला. तो भांडेल असं दोघींना वाटलं, पण तो हळूच बोलला. "वरीसभर मी काठी हातात धरली की घाबरायचो. वाटायचं, डोळे गेले. आता ह्यापुढं आपलं काम न्हाय."

केसरने पदर खोचला. मग ती तडक मनुबाईच्या चहाच्या टपरीवर गेली. तिला हळू बोलता येत नसे. त्यामुळे 'भागोजीभाऊंचा हात सोन्याचा हाय, थिनर मी वतलं!' हे टपरीवरच्या माणसांनी ऐकलंच, शिवाय दिघीच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या, यातलं काही ठाऊक नसलेल्या गाड्यांतल्या लोकांनीही ऐकलं. एकाने काच खाली करून काय झालंय ते विचारलं. केसरने त्यालाही पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तेवढ्यात तेजस्वीने नवा डबा आणून त्यातला घट्ट रंग पातळ रंगात मिसळला. भागोजीने काठी उचलली, मान डोलावली. कपाने एकतीस सांगितले. तीन दिवसांत बोट आरशासारखी झाली आणि केबिनसुद्धा.

सुट्टी संपल्यावर तेजस्वीने निघताना कप भागोजीच्या हातात ठेवला. "कारखान्यातून मी दुसरा मागून घेईन."

भागोजीने तो घासूनपुसून लख्ख केला आणि गळ्यात दोरीने अडकवला. मग तो टपरीवर गेला, मनुबाईने पुढे केलेला चहा त्याने कपात ओतला आणि मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली.

"दहा! मनुबाय, दूध कमी हाय."

"प्यायचाय का बोटीला लावायचाय?" मनुबाई झारा घेऊन उठली. भागोजी कप सांभाळत पळाला.

पण दुसऱ्या दिवशी चहा बारावर गेला होता.