सुपातली पावले

मित्रांनो, मी पावले मोजणारा एक जुना मनगटी पट्टा आहे. आज माझी काच चरे पडून धुरकट झाली आहे; पण रबाळ्याच्या गोदामातून बाहेर पडलो तेव्हा मी काळाभोर, चकचकीत होतो. नेरूळच्या मनस्वीने मला हौसेने हातात बांधले. सहा महिन्यांत हौस फिटली आणि मी कपाटात पडून राहिलो.

मग टाळेबंदी आली. मनस्वीची आजी शेवंताबाई बेलापूरजवळच्या दिवाळे गावात एकट्या राहत. चाळीस वर्षे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बेलापूर पालथे घातलेल्या आजी आता घरात बसून होत्या. साखर वाढली, पाय सुजले. रोज चालला नाहीत तर पाय गमावाल, असे डॉक्टरांनी बजावले. मनस्वीने मला औषधांच्या पिशवीतून आजींकडे पाठवले. माझे आकडे तिला तिच्या फोनवर दिसत.

रोज सहा हजार पावले! मनस्वी खूश, मीही खूश. सूज मात्र उतरेना.

एका सकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. आजी उंबऱ्याशी बसून सुपात सुकट पाखडत होत्या आणि मी प्रत्येक झटका पाऊल म्हणून मोजत होतो.

"आजी! हे तुझं चालणं?"

"तुजा पट्टा बोलतंय ना सहा हजार? मंग झालं!"

"आणि पाय गेला तर?"

आजींनी सूप खाली ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "चालू कोनाकडं गो? आदी दारात वाट बघनारी मानसं होती."

दुसऱ्या दिवशी मनस्वीने कॉलवर वैजयंतीबाईंना घेतले. त्या बेलापूरच्या, आजींच्या तीस वर्षांच्या गिऱ्हाईक. फ्लॅटमध्ये एकट्याच. कित्येक दिवसांत त्याही कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

"काय शेवंताबाई, आज काय आणलंत?"

"पापलेट हाय, ताजं! पन तुमी घासाघीस करनार."

"करणारच! उठा आधी. बसल्या जागी कसला भाव सांगता?"

आजी उठल्या. फोन हातात धरून त्या अंगणात, वैजयंतीबाई हॉलमध्ये, मनस्वी गॅलरीत. तिघी भांडत, हसत चालल्या. त्या दिवशी मी नऊशेच पावले मोजली. पण ती खरी होती. मग हे रोजचेच झाले. गणपतीपर्यंत सूज उतरली आणि आजींच्या पायांत पुन्हा चपला जाऊ लागल्या.

आता माझी बॅटरी अर्धा दिवसही टिकत नाही, तरी आजी मला काढत नाहीत. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना जरूर जवळ करा. पण मला फक्त हात हललेला कळतो, मन बसलेले कळत नाही. ते तुम्ही विचारायचे. आणि जमेल तेव्हा आपल्या माणसासोबत चार पावले चालायचे, फोनवरून का असेना.