सगळे आले

आखातातल्या निझवा शहराच्या पुढे डोंगरात एक धबधबा आहे. तिकडच्याच माबेल्यात नोकरीसाठी राहणारी काही मराठी कुटुंबं हिवाळ्यात शुक्रवारी तिथे चालत जात. प्रफुल्ल सगळ्यांच्या मागून चालायचा. धबधब्याखालच्या डोहाशी पोचून तो तिथल्या अरबी ढंगात “खलास, सगळे आले” म्हणेपर्यंत कोणी डबा उघडायचा नाही, असा तिथला नियम होता.

जूनमध्ये प्रफुल्ल ऑफिसातच, खुर्चीत बसल्या जागी गेला. त्यानंतर त्याची बायको भावना आज पहिल्यांदा आली, तीही मुलीने, प्रणालीने हट्ट धरला म्हणून. डोहाचं पाणी हिरवं, स्वच्छ होतं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

सगळे डबे मांडीवर घेऊन बसले.

“यल्ला, चला वहिनी, उघडा की,” त्यांच्यातला यशवंत भावनाला म्हणाला. “पोटात कावळे ओरडतायत.”

पण त्याचाच हात झाकणावर थबकला आणि मान वाटेकडे वळली. मग आपण कोणाची वाट बघतोय, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. यशवंतच्या शेजारी बसलेल्या प्रमिलाने तोंडाला पदर लावला.

भावनाला रडू आलं नाही. जूनपासून आलंच नव्हतं. सगळे आले म्हणायचं, म्हणजे तो येणार नाही हे आपल्या तोंडाने सांगायचं. पण ते दुसऱ्या कोणी सांगितलेलं तिला चाललं नसतं.

“आई, आता कोण बोलणार?” प्रणाली कुजबुजली.

भावनाने वळणापर्यंतची वाट नीट पाहून घेतली.

“खलास,” ती म्हणाली. “सगळे आले.”

आणि तिने प्रणालीच्या डब्याचं झाकण काढून दिलं.