थोरल्याचा खिळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण खडूशी माझा कधी संबंध आला नाही. शाळेच्या व्हरांड्यात ज्या खिळ्यांना तुम्ही दप्तरं अडकवता, ते माझ्याच अंगावरचे. पूर्वी मी कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी, दिव्यांच्या खोलीत होतो. माझ्या एकेका खिळ्यावर एकेका कामगाराचा पितळी बिल्ला असायचा. खाली उतरताना माणूस तो खिशात घालायचा, वर आला की परत अडकवायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. पाळी सुटली की बायका खिडकीतून आधी मला बघायच्या, मग चूल पेटवायला जायच्या. तेव्हा माझा तोरा काय होता म्हणून सांगू!

कुणी आजारी पडला, तर त्याचा खाडा होऊ नये म्हणून भाऊ गुपचूप त्याचा बिल्ला घेऊन उतरायचा. साहेबांना ते चालत नसे. म्हणून दिवेवाले मामा अशा वेळी मान वर करायचे नाहीत.

थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ याच खाणीत होते. आग लागली त्या दिवशी सकाळी थोरला तापाने फणफणला होता. त्याचं काम खालच्या पंपावर, एकट्याचं. सगळ्यांच्या आधी धाकटा आला.

"कोण रे?" मामांनी दिवा पुसत विचारलं.

"पंपवाला."

"जा."

धाकट्याने थोरल्याचा बिल्ला उचलला. त्याची स्वतःची पाळी रात्रीची, म्हणून त्याचा बिल्ला माझ्यावरच राहिला.

दुपारी खाली आग लागली. माणसं खोकत, धडपडत वर आली, बिल्ले अडकवले गेले. थोरल्याचा खिळा तेवढा रिकामा. एकजण त्याच्या घरी धावला, खिडकीतून डोकावून परत आला.

"अहो, तो घरी पांघरूण घेऊन झोपलाय! बिल्ला कालपासून खिशातच राहिला असेल."

"आणि धाकटा?" मामांनी हळूच विचारलं.

"हा काय त्याचा बिल्ला!" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या घाईत सगळ्यांना तेच खरं हवं होतं. मामांनाही. मी लाकूड. माझा जीव तुटत होता, पण बोलणार कसा? आग वर चढत होती, म्हणून खाणीचं तोंड विटामातीची भिंत घालून बुजवलं.

संध्याकाळी थोरला घोंगडीसकट आला.

"धाकटा आला का वर?"

मामांनी तेव्हा मान वर केली.

थोरला नखांनी भिंत उकरू लागला. चौघांनी त्याला धरून ठेवलं. भिंत फोडली असती, तर वारा मिळून आग भडकली असती. ती कुणी फोडली नाही.

खाण पुन्हा सुरू झालीच नाही. दुकानं उठली, घरांना कुलपं लागली, मी शाळेत आलो. थोरला मात्र गावातच म्हातारा झाला. रोज येऊन माझ्यासमोर उभा राहायचा. एकदा बाईंनी त्या खिळ्यावर घंटेचा हातोडा अडकवला, तर त्याने हलकेच काढून त्यांच्या हातात दिला.

"राहू द्या, बाई. मी खाली आहे."

गेल्या हिवाळ्यात तोही गेला. आता सांगायला कुणी उरलेलं नाही, म्हणून मी सांगतो. मित्रांनो, दप्तरं खुशाल अडकवा, मला ओझं होत नाही. फक्त दाराजवळचा तो एक खिळा मोकळा ठेवा. त्याचा बिल्ला अजून वर आलेला नाही.