सरुबाईचं मडकं

वराळ्याच्या कोंडाजीला मोटार हाकता येत होती, आणि ही गोष्ट साऱ्या मावळाला कळावी अशी त्याला भारी हौस. छत्तीस सालच्या वैशाखात तो आपल्या शेठजींना घेऊन पुण्याहून लोणावळ्याच्या बंगल्याकडे निघाला. तळेगावात थांबून पाण्याची छागल भरून घ्यायची, हा त्याचा नेम. पण त्या दिवशी नाक्यावर गावची चार माणसं भेटली. त्यांच्यापुढं भोंगा वाजवण्यात आणि टोपी तिरकी करण्यात स्वारी अशी रंगली की छागल कोरडीच राहिली.

कामशेत मागं पडलं आणि भर दुपारी गाडीनं वाफ सोडली. पुढच्या टाकीतलं पाणी आधणासारखं खदखदत होतं. पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. मागच्या बाकावर शेठजी वर्तमानपत्रानं वारा घेत होते.

"कोंडाजी, पाणी आहे ना?"

"आहे ना, शेठजी." रिकामी छागल त्यानं पाठीआड धरली. त्याची स्वतःची जीभ टाळूला चिकटली होती.

तेवढ्यात नदीकडून ठाकरवाडीची म्हातारी सरुबाई चढून आली. डोक्यावर भरलेलं मडकं. उन्हाळ्यात वाडीची माणसं नदीच्या वाळूत खड्डा खणत आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरून घेत. एका मडक्याला अर्धी सकाळ जाई. कोंडाजीचं तोंड बघून ती थांबली.

"लेकरा, लय लाल झालायस. घोटभर पी."

कोंडाजीचा हात पुढं झाला आणि तसाच मागं आला. ठाकराच्या मडक्यातलं पाणी प्यालं हे गावात कळलं तर? नाक्यावरची तीच चार माणसं उद्या तोंडावर हसतील.

"आमाला तुमच्या हातचं चालत न्हाई, मावशी," तो शेठजींना ऐकू जाईल असं म्हणाला. मग आवाज उतरवून, "गाडीला द्या वाईच."

सरुबाईनं गाडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"गाडीला चालतं व्हय?"

तिनं खरंच विचारलं होतं. टोमणा असता तर कोंडाजीनं उलटा मारला असता. त्यानं मान खाली घातली, फडकं धरून झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली. म्हातारी हळूहळू ओतत राहिली. घोटभर राहू द्या, हे शब्द त्याच्या ओठांवर दोनदा आले. पण 'चालत न्हाई' म्हणाल्यावर आता कुठल्या तोंडानं मागणार? मडक्यातलं पाणी तळाला गेलं आणि गाडी निवली.

मग त्याच्याच डोळ्यांपुढं अंधारी आली. तो रस्त्यातच खाली बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

"मावशी, द्या."

सरुबाईनं मडकं उपडं धरलं. तीन थेंब पडले.

"सरलं रं बाबा. आदी म्हनला असतास तर तुज्यापुरतं ठिवलं नसतं का?" आवाज असा, जणू चूक तिचीच होती. रिकामं मडकं डोक्यावर घेऊन ती वाडीकडं न जाता पुन्हा नदीकडं उतरली. कोंडाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच तहानलेला तो गाडी हाकत निघाला. कार्ल्याच्या फाट्यावर गुरं आडवी आली. कोंडाजीनं गाडी थांबवली. गुरं आपणहून हलेपर्यंत त्यानं भोंग्याला हात लावला नाही.

"भोंगा बिघडला का रे?" शेठजींनी विचारलं.

"व्हय जी," कोंडाजी म्हणाला.