सुभेदाराच्या कानातलं

सुभेदार जोतिबा म्हणजे गावच्या कुस्ती मैदानाचा कायमचा पंच. अर्धी उमर फौजेत गेली, मग साखर कारखान्यात उसाच्या भुशाच्या धुळीत नोकरी केली, आणि त्या धुळीनं छातीत घर केलं. चार पायऱ्या चढला की धाप लागायची. पण मिशीचा पीळ काही उतरला नव्हता. असल्या माणसाच्या कानात लेकीनं यंत्र बसवलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

लेक संयोगिता मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. यंत्र बटणाएवढं. कानात घातलं की श्वास मोजायचं, रक्तातला ऑक्सिजन मोजायचं, आणि जवळ टचचा फोन ठेवला की ते आकडे थेट मिरजेला तिच्या फोनवर जायचे. "आण्णा, आंघोळ सोडली तर काढायचं न्हाई हं," असं तिनं बजावून सांगितलं होतं.

सुभेदार फौजी शिस्तीत यंत्र घालून पारावर गेला. तिथं कोंडीबा पैलवान टपूनच बसलेला. "काय रं सुभेदार, डूल घातलंस व्हय? का वयनीची बुगडी ढापलीस?" अख्खा पार खो-खो हसला. सुभेदाराचे कान लालभडक झाले.

झालं! दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी घराबाहेर पडताना तो यंत्र बायकोच्या कानात घालायला लागला. फोनही तिच्याजवळच ठेवायचा, स्वतः साधा मोबाईल घेऊन जायचा. "बनू, तुज्या पदराखाली कोण बघतंय? पोरीला आकडं गेलं म्हंजे झालं." बनुबाई हसायची, हसताना खोकायची, आणि पदर पुढं ओढून चुलीपुढं बसायची. घरात गॅस होता. पण भाकरी अन् मटण चुलीवरचंच पाहिजे, हा हट्ट सुभेदाराचा. तिच्या खोकल्याची घराला इतकी सवय झालेली की कुणी मान वर करून बघत नसे. "धुराचा ठसका हाय," ती म्हणायची.

मग मिरजेहून फोन यायला लागले. "आण्णा, सकाळचं तुमचं आकडं लय खाली जात्यात. दम लागतोय का?"

"यंत्रच खुळं हाय तुजं," सुभेदार म्हणायचा. पण लेक ऐकते होय! तिनं डॉक्टरांना आकडे दाखवले, डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप वाढवून दिला. सुभेदार तो सकाळ-संध्याकाळ मुकाट्यानं ओढायचा.

गावची यात्रा आली. पाहुणे ढिगानं येणार म्हणून मागच्या छपरात चुलीवर मटणाचं मोठं पातेलं चढलं. लाकडं ओली निघाली, छपरात धूर नुसता कोंडला. सुभेदारानं पटका बांधला, शिट्टी गळ्यात अडकवली, आणि यंत्र बायकोच्या हातावर ठेवलं.

"आवं, आज जरा जीव घाबरल्यागत हुतंय," ती म्हणाली.

"यात्रा हुंदे, मग निवांत झोप," असं म्हणून गडी निघाला.

मैदानात हलगी कडाडत होती. कुस्ती ऐन रंगात आलेली, तेवढ्यात सुभेदाराचा मोबाईल वाजला. पलीकडं संयोगिता रडत होती. "आण्णा! कुठं हायसा? खाली बसा. बोलू नका, नुसतं ऐका."

"आगं, काय झालं? मी मैदानात हाय. पंच हाय न्हवं मी!"

तिचं रडणं थांबलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आण्णा, तुमचा ऑक्सिजन सत्तरीवर आलाय. अशा माणसाला उभं ऱ्हाता येत न्हाई. तुमी एवढं धड बोलताय कसं?"

सुभेदार हसला. "म्हनलं न्हवतं, यंत्रच खुळं..."

त्याचा हात कानाकडं गेला. कान मोकळा होता.

देवा! सकाळचे आकडे. रोज सकाळचेच! फोन तसाच मुठीत धरून तो मैदानातनं पळत सुटला. लोक म्हणायला लागले, पंच निघाला कुठं? त्याला काही ऐकू येत नव्हतं. "बाळासो! जीप काढ! घराकडं घाल!" शेजारच्या बाळासोला एवढं ओरडला आणि यात्रेच्या गर्दीतनं वाट काढत निघाला. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढं अंधारी आली. थांबायची भीती वाटत होती. थांबलो आणि तेवढ्यात ती गेली तर?

छपरात धुरानं काही दिसेना. बनुबाई भिंतीला टेकून बसली होती, हातात पळी तशीच. ओठ जांभळे पडलेले. छाती भात्यागत हलत होती, पण आत हवा जातच नव्हती.

"आवं... रस्सा... लागंल खाली..."

"मरू दे रस्सा!" सुभेदारानं तिला काखेत धरून उघड्यावर ओढलं. खिशातला आपला पंप तिच्या तोंडात धरला. त्याच्या हाताचं बोट दाबायचं म्हटलं तरी दाबेना. एवढी बंदुकीची सवय त्या बोटाला!

बाळासोची जीप गावाबाहेर पडून मिरजेकडं निघाली, तेव्हा फोन पुन्हा वाजला. "आण्णा, बोला की! कसं हायसा?"

बनुबाईनं त्याची बाही ओढली. कानातलं यंत्र काढून तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं. "घाला... तुमी. तिला सांगा... तुमचंच हाय. माझं कळलं तर... घाबरंल पोर."

सुभेदारानं यंत्र घेतलं आणि पुन्हा तिच्याच कानात बसवलं.

"संयोगिता, ती धाप माझी न्हवं. सुरवातीपासनं तुज्या आईची हाय. आमी येतोय, दारात उभी ऱ्हा."

पलीकडनं बारीक आवाज आला, "मग औषध... पंप वाढवला तो..."

"तो मी वडला," सुभेदार म्हणाला. "तिचं औषिद मी वडलं."

मिरज अजून लांब होती. वाऱ्यानं बनुबाईचा पदर खांद्यावर घसरला होता आणि कानातलं ते बटण उघडं पडलं होतं. रस्त्यानं यात्रेची माणसं चालली होती, गर्दीत जीप हळू झाली की वाकून आत बघत होती. सुभेदारानं पदर सारखा केला नाही. मांडीवरच्या टचच्या फोनमधला आकडा आणि तिचा तो कान, या दोन्हींवरनं त्यानं नजर हलवली नाही.