ब्रदर लायल यांचं जेलीफिश-तेल

रविवारी सकाळी आमचं खेकडे धरणाऱ्यांचं अख्खं बेट धक्क्यावर लोटलं होतं. त्या ऑगस्टात अमेरिकेतल्या आमच्या चेसापीकच्या खाडीत जेलीफिशचा नुसता सुळसुळाट, आणि त्यात धर्मोपदेशक ब्रदर लायल गुडघाभर पाण्यात खुशाल उभे! विजार मांडीपर्यंत दुमडलेली, पाय तेलानं चकचकीत, दोन्ही हात आभाळाकडे.

"पापाचे डंख आहेत हे!" ते गर्जले. "पण सैतानाच्या या झालरी माझं तेल पाहून थरथरतात! हालेलुया!"

"हालेलुया!" बेट ओरडलं. तेलाच्या बाटल्या हातोहात खपल्या. ज्या जिवाला मेंदूच नाही तो तेल पाहून घाबरतो, हे आम्ही मेंदूवाल्यांनी मुकाट ऐकून घेतलं.

मी बेटावरची नर्स. एरवी मी पोट धरून हसले असते. पण हेस्टर आपल्या लेकीला, ड्रुसीला, बाप्तिस्म्यासाठी पाण्याकडे नेत होती. गेल्या उन्हाळ्यात एकाच डंखानं या पोरीचा घसा सुजून श्वास कोंडला होता. मी इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. मी धावत आडवी गेले.

"हेस्टर, वेड लागलं का तुला? पोर जाईल हातची!"

"तेल चोपडलंय गं तिला. तू मेली कायम मोडता घालणारी!"

"बरं. मग ब्रदरांनी आधी आपले हात पाण्यात बुडवावेत."

ब्रदर गोड हसले. "भगिनी, हे हात देवाकडे लागलेत."

"मघापासून? देवही अवघडला असेल. आणि हात वर ठेवून बाप्तिस्मा देणार कसा?"

लोक खिदळले. "बुडवा की, ब्रदर!" कुणीतरी ओरडलं. "तेल आहेच!"

नाइलाज झाला. हात पाण्यात गेला, आणि पुढच्याच क्षणी ब्रदरांच्या तोंडून जे शब्द निघाले ते बायबलात नाहीत. धक्क्याची शिडी चढताना पोटरी खिळ्याला अडकली आणि पायाची 'कातडी' टर्रकन मांडीपर्यंत उसवली.

"अगं बाई!" म्हातारी ऑर्फा किंचाळली. "हे तर बायकांचे मोजे!"

लहानपणी आम्ही सगळेच आईचे जुने नायलॉनचे लांब मोजे चढवून या पाण्यात डुंबलोय. जेलीफिशची डंखाची सुई एवढी आखूड, की ती मोज्यातून कातडीपर्यंत पोचत नाही. पण ते मोजे धर्मोपदेशकाच्या पायात असतील, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हेस्टर पोरीला कवटाळून मटकन खाली बसली. "मग देवानं ही पीडा पाठवलीच कशाला?"

"पाठवली कुठे? यंदा पाऊस कमी, पाणी खारट, म्हणून वाढलेत ते. आणि पीडा कसली? आपल्या कालवांची पिल्लं फस्त करणाऱ्या त्या काचेसारख्या बारक्या जेली असतात ना, त्यांना हेच खातात. थंडी पडली की जातील. त्यानंतर दे पोरीला बाप्तिस्मा."

"तोवर देव रागावला तर?"

"पोरीचा जीव पणाला लावायला जो सांगेल, त्याला आधी खोदून खोदून विचार, हेस्टर. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो तेल विकणारा."